आधीचे पेढे

कुणीही माझ्या हातावर पेढा ठेवला की माझ्या तोंडून अजूनही आपोआप निघतं, "आधीचा की नंतरचा?" समोरचा माणूस गोंधळतो. परवा शेजारच्या सोसायटीतला मुलगा दहावीचे पेढे घेऊन आला, त्यालाही मी हेच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, निकाल लागला ना काल." म्हटलं, "म्हणजे नंतरचा. बरं, दे." बिचारा पेढा देऊन पळालाच. त्याच्या आईनं नंतर माझ्या मुलीकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली म्हणे.

त्या मायलेकांचा काही दोष नाही. त्यांना शेंडेकाका भेटले नव्हते.

शेंडेकाका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, वृंदाचे वडील. सदाशिव पेठेत आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी. उंची बेताची, भुवया भरघोस, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि गळ्यात कायम शिट्टी. कायम म्हणजे कायम. कंपनीच्या बसमध्ये शिट्टी, मंडईत शिट्टी. एकदा घरी सत्यनारायण होता, काका सोवळं नेसून पाटावर बसले, तर उघड्या छातीवर ही शिट्टी लोंबतेय. गुरुजींनी विचारलं, "यजमान, हे काय?" काका म्हणाले, "असू द्या. आरतीला उपयोगी पडेल." आणि खरंच, आरतीत आम्ही पोरी ताल सोडून पळायला लागलो तशी त्यांनी ती वाजवली. गुरुजींसकट सगळे थांबले आणि आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

शिट्टी कशासाठी, तर खो-खोसाठी. पेठेतल्या आम्हा मुलींचा एक संघ काकांनी उभा केला होता. जवळच्या शाळेच्या मैदानावर, कंपनीची बस यायच्या आत, पहाटे पहाटे सराव चालायचा. वृंदा आमच्या संघातली खरी खेळाडू. वाऱ्यासारखी पळायची. मी संघात होते ती संख्या भरायला, हे मला माहीत होतं आणि काकांना तर त्याहून माहीत होतं.

काकांच्या बोलण्याची एक गंमत होती. खूश असले की "ए पोरी" म्हणायचे. रागावले की "अगं" व्हायचं. फार रागावले की "अहो" आणि "आपण". एकदा का "आपण" आलं की समजायचं, आज मैदानाला फेऱ्या मारायच्या. मला म्हणायचे, "अहो शुभांगीबाई, आपण धावत होतात का? मला वाटलं, हवा खायला निघालात." कुणी हळू आवाजात खो दिला की, "खो देतेस की कानात गुपित सांगतेस?" कुणी उशिरा आलं की शिट्टी थांबवून सगळ्यांना उभं करायचे आणि म्हणायचे, "या, या. मैदानाचं भाग्य!" ती मुलगी पुन्हा जन्मात उशिरा यायची नाही. आम्ही त्यांच्यावर जाम चिडायचो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी हजर असायचो. का, ते विचारू नका. असतात अशी माणसं.

आणि आम्ही त्यांना काका म्हणत नव्हतो. मैदानावर त्यांना 'ओतोसान' म्हणायचं, असा नियम होता. ओतोसान म्हणजे जपानी भाषेत बाबा. आता सदाशिव पेठेत खो-खोच्या मैदानावर जपानी बाबा कुठून आले, तर ते एका पुस्तकातून आले.

काकांच्या कारखान्यात एक नवीन मशीन बसवायला जपानहून ओगावा नावाचे इंजिनिअर आले होते. बरेच दिवस राहिले. काकांची आणि त्यांची भाषा एक नव्हती, पण दोघंही मायक्रोमीटर हातात धरून एकमेकांकडे बघून मान हलवायचे आणि त्यांचं भागायचं. दुभाषा रजेवर असला की काम जास्त चांगलं होतं, असं काका सांगायचे. जाताना ओगावासाहेबांनी आपल्या बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढून काकांना दिलं. खरखरीत कागद, पानापानावर काळीपांढरी चित्रं, आणि चित्रांत फुगे काढून त्यात जपानी मजकूर. चित्रांची गोष्टच होती ती. ओगावासाहेबांनी पुस्तकावर बोट ठेवून त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "फादर. डॉटर. व्हेरी स्ट्रिक्ट. व्हेरी गुड."

बस्स. एवढ्या सहा शब्दांवर शेंडेकाकांनी पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

त्या पुस्तकातली मुलगी टेबलटेनिस खेळायची. तिचा बाप जाडा, डोक्याला फडकं बांधलेला. कसल्या तरी पांढऱ्या वड्या करून विकायचा. काकांच्या मते नारळाच्या. काकांना जपानी अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चित्रं बघून बघून त्यांनी सगळी गोष्ट लावली होती. ती ते आम्हाला मैदानावरच्या चिंचेखाली बसवून सांगायचे.

"हे बघा पहिलं पान. रेल्वे स्टेशन. बापानं मुलीला पाठुंगळीला घेतलंय. दोघं रडतायत. आनंदाश्रू आहेत ते. म्हणजे सुरुवातच कशानं आहे? कौतुकानं! त्यानंतर मॅच. मॅचनंतर बघा, डोंगराच्या पायऱ्या, बाप वरून चेंडू फेकतोय, ही खाली घामाघूम. त्यानंतर इथे कप फेकलाय बापानं. आणि हे शेवटचं पान. मुलगी दुकानाच्या काचेतून टेबलटेनिसची बॅट बघत उभी आहे. म्हणजे एवढी मोठी खेळाडू झाली तरी परत नवशिकी होऊन उभी आहे. कळलं का? आधी कौतुक, मग मॅच, मग मेहनत, आणि शेवटी पुन्हा पहिलीच्या वर्गात. याला म्हणतात जपानी पद्धत."

एकदा मी विचारलं होतं, "ओतोसान, पण इथे कप फुटलाय, आणि पुढच्या चित्रात अख्खा कसा?"

काकांनी पान एकदा मागे, एकदा पुढे केलं. मग म्हणाले, "लगेच नवीन आणला असेल. टापटीप फार त्या लोकांची. तुमच्या घरी फुटका कप महिनाभर कान तुटलेला वापरत असतील."

आमच्या घरी खरोखरच वापरत होते, त्यामुळे मी गप्प बसले.

पुस्तकाच्या वरच्या पानावर वाटीभर वाफाळत्या शेवयांचं रंगीत चित्र होतं. त्याचाही काकांनी अर्थ लावला होता. एवढा चांगला रंगीत कागद खर्चून शेवया छापल्यात, तेव्हा खेळाडूच्या आहारात शेवया पाहिजेतच. म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेंडेकाकूंकडे संघाला शेवयांची खीर असायची. काकू खीर वाढता वाढता आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या हातच्या खिरीचं कधी नाव काढलं नाही. कागदावर छापलेली दिसली तेव्हा यांना भूक लागली."

आणि पेढे.

त्या काळात पेढे कधी वाटायचे हे सगळ्या पुण्याला माहीत होतं. निकाल लागला, मुलगा झाला, नोकरी लागली की. काकांच्या पद्धतीत मात्र कौतुक आधी. म्हणून मॅचच्या सकाळी ते बुधवार पेठेत जाऊन ताजे पेढे आणायचे. दुकानदार विचारायचा, "काय शेंडे, जिंकल्या वाटतं पोरी?" काका म्हणायचे, "मॅच दुपारी आहे." दुकानदार त्यांच्याकडे बघत राहायचा आणि पेढे बांधून द्यायचा.

पहिल्यांदा हे घडलं तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. तोवर आमचा संघ एकही सामना जिंकलेला नव्हता. समोर कसबा पेठेच्या मुली, चांगल्या दणकट. मैदानाच्या कडेला आम्ही एकमेकींना खेटून उभ्या. काका आले, खोका उघडला आणि एकेकीच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "अभिनंदन. फार छान खेळलात."

वृंदा म्हणाली, "बाबा, अजून खेळलो कुठे?"

"मैदानावर बाबा नाही. ओतोसान."

"ओतोसान, अजून मॅच व्हायचीय!"

"मग? पेढा खाल्लास ना? झालं तर. आता जाऊन खेळून ये."

मी म्हटलं, "आणि हरलो तर पेढे काय परत द्यायचे?"

"खाल्लेला पेढा परत द्यायची तुमच्याकडे पद्धत असेल तर द्या," काका म्हणाले.

आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो की हसतहसतच मैदानात शिरलो. पलीकडच्या संघाच्या बाई तावातावानं आल्या. "हा काय प्रकार आहे? मॅचच्या आधी पेढे? हा आमचा अपमान आहे!" काकांनी खोका त्यांच्यापुढे धरला. "आपणही घ्या. आपल्या मुलीही छान खेळल्या."  बाईंनी पेढा घेतला.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी जे खेळलो ना! भीतीच उरली नव्हती. आईबापांना तोंड कसं दाखवायचं, शाळेत बाई काय म्हणतील, सगळं पेढ्याबरोबर गिळून टाकलेलं. वृंदानं त्या दिवशी अशा काही हुलकावण्या दिल्या की पलीकडच्या मुली एकमेकींवर आपटल्या. आम्ही जिंकलो. संख्या भरणाऱ्या माझ्या हातूनही एक मुलगी बाद झाली. ती घसरून पडली होती म्हणून, पण झाली की नाही?

जिंकलो, आणि बाकीच्यांच्या आया धावत मैदानात आल्या. माझ्या आईनं तर माझी दृष्टच काढली. वृंदा धापा टाकत काकांपुढे जाऊन उभी राहिली. गाल लाल, वेणी सुटलेली, डोळे नुसते चमकत होते.

काका म्हणाले, "डाव्या बाजूला वळताना मान आधी वळवतेस. समोरच्याला कळतं. चला, सगळ्या खांबापासून खांबापर्यंत. पळा!"

आणि जिंकलेल्या संघानं, हरलेला संघ बघत असताना, भर उन्हात सराव केला. जपानी पद्धत.

पुढे आम्ही बऱ्याच मॅच जिंकलो, काही हरलो. आधीचे पेढे कधी चुकले नाहीत आणि नंतरचा शब्द कधी मिळाला नाही. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आम्हाला घरी आया होत्या, मावश्या होत्या. पण वृंदा प्रत्येक मॅचनंतर काकांपुढे जाऊन उभी राहायची. एक क्षण थांबायची. काका तिचा एखादा पाय, हात, मान, काहीतरी चुकलेलं काढायचेच, आणि ती वळायची. मी ते इतक्या वेळा पाहिलं की शेवटी शेवटी मीच दुसरीकडे बघायला लागले.

एकदा ती मला म्हणाली, "शुभे, आधीचा पेढा सगळ्यांना असतो गं. तुलाही असतो."

"मला म्हणजे काय? मी काय टाकाऊ आहे?" मी म्हटलं.

"तसं नाही. पण मी काय केलं ते बघितल्यावर त्यांनी म्हणावं ना. एकदाच. बघितल्यावर."

मग ती फायनल आली. शहरातल्या मोठ्या स्पर्धेची. आम्ही तिथवर पोचलो याचंच सगळ्या पेठेला कौतुक. काकांनी पेढे आणले, वाटले, अभिनंदन केलं. सामना असा रंगला की बघायला आलेली माणसं उभी राहिली. शेवटच्या मिनिटाला त्यांची एकच मुलगी मैदानात उरली. तिला बाद केलं की आम्ही जिंकणार, नाहीतर त्या. वृंदाला खो मिळाला. ती मुलगी खांबाकडे पळत सुटली, आणि वृंदानं सूर मारला. अख्खी आडवी, हवेत. मी चौकोनात बसले होते, माझ्या समोरून ती गेली. असं काही मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. तिची बोटं त्या मुलीच्या फ्रॉकपासून एवढ्याशा अंतरावर आली, आणि शिट्टी झाली. वेळ संपली होती.

वृंदा मातीत पडली ती पडलीच. दोन्ही गुडघे सोललेले. हरलेल्या मुलीसाठी मैदान टाळ्या वाजवत होतं. ती उठली आणि सवयीनं काकांपुढे जाऊन उभी राहिली.

काकांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवटचा पाय लांब पडला."

वृंदा नळावर गेली. मी मागे गेले. ती गुडघे धूत होती आणि रडत होती. पाण्याचा नळ सोडून ठेवला होता, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये. "त्या पुस्तकातला बाप मुलीला पाठीवर घेऊन काहीतरी म्हणतो," ती म्हणाली. "त्याच्या तोंडापाशी फुगा आहे. काय म्हणतो ते मला कळलंच पाहिजे."

आणि सांगून खोटं वाटेल, पण याच एका कारणासाठी वृंदा जपानी शिकायला गेली. लोक नोकरीसाठी जातात, शिष्यवृत्तीसाठी जातात. ही एका फुग्यासाठी गेली. कॉलेज सांभाळून तिनं क्लास लावला. काकांना केवढा अभिमान! "पुस्तकाचा परिणाम," असं ते सगळ्या इमारतीला सांगत सुटले. खो-खो मागे पडला, पण काकांनी दुसऱ्या मुली तयार केल्या, त्यांनाही पेढे आणि शेवया चालूच होत्या.

एके दिवशी दुपारी वृंदा आमच्या घरी आली आणि माझ्या खोलीचं दार लावून गादीवर पडून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, पोरगी अभ्यासानं बिघडली.

"शुभे, पुस्तक उलटं आहे."

"कसलं उलटं?"

"जपानी पुस्तक आपल्या उलट्या बाजूनं उघडतात! उजवीकडून! आज क्लासमध्ये बाईंनी त्यांच्याकडचं एक उघडलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. घरी येऊन आपलं त्या बाजूनं वाचून काढलं. बाबांनी सगळी गोष्ट शेवटापासून सुरुवातीकडे वाचलीय!"

मला कळायला जरा वेळ लागला. मग फुटलेला कप अख्खा कसा झाला ते कळलं, आणि मीही गादीवर पडले.

"म्हणजे तो बाप आधी कौतुक करत नाही?"

"अगं, कौतुक कसलं! पुस्तकभर तो तिला एक गोड शब्द बोलत नाही. पायऱ्यांवर पळवतो, कप फोडतो. शेवटच्या पानावर एकदाचा उचलून घेतो. आणि शेवया म्हणजे मागच्या पानावरची जाहिरात आहे!"

"देवा! त्या खिरी!" मी म्हटलं. "आणि फुग्यात काय लिहिलंय?"

तिचं हसू थांबलं. "ते मी बाबांनाच सांगीन. कधीतरी."

"कधीतरी का? आत्ता जा आणि सांग की काका, तुमची जपानी पद्धत उलटी आहे!"

"वेडी आहेस का?" वृंदा उठून बसली. "त्यांनी सरळ वाचलं असतं तर आपल्याला एक तरी पेढा मिळाला असता? जगात जिंकल्यावर पेढे देणारे बाप पुष्कळ आहेत. माझा एकच आहे. मी नाही त्यांना सांगणार."

आणि तिनं खरंच सांगितलं नाही. मीही नाही. ओठांवर यायचं, पण नाही सांगितलं.

मग ओगावासाहेब परत आले. आता केस पांढरे, चष्मा जाड. कारखान्यात कसला तरी समारंभ होता. काकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलंच. दुभाषी वृंदा. मदतीला मी, म्हणजे काकूंच्या मागे मागे करायला. काकूंनी अळूवड्या केल्या, मसालेभात केला, आणि काकांच्या हट्टापायी शेवयांची खीर केली. जेवण झालं आणि काकांनी कपाटातून ते पुस्तक काढलं. वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी पदराआड लपायचा विचार केला, पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

"त्यांना सांग," काका म्हणाले, "की या शेवया पाहून आम्ही पहिल्या दिवसापासून आहार सांभाळला."

वृंदानं सांगितलं. ओगावासाहेबांनी खिरीच्या वाटीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि बरंच काही बोलले.

"काय म्हणतात?"

"खीर छान झालीय म्हणतात," वृंदा म्हणाली.

काकांनी मोठ्या उत्साहानं आपलं पहिलं पान उघडलं. आता आनंदाश्रूंची गोष्ट सुरू होणार, तेवढ्यात ओगावासाहेबांनी अदबीनं पुस्तक हातात घेतलं, पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडून काकांपुढे ठेवलं. काचेतून बॅट बघणारी मुलगी. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "फर्स्ट." मग पानं उलटत उलटत स्टेशनपर्यंत आले. "लास्ट."

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.  काकांनी पुस्तक घेतलं. उजवीकडून एकेक पान उलटलं. अख्खा कप. फेकलेला कप. फुटलेला कप. 

"वृंदा, यांना विचार," शेवटी काका म्हणाले, "एवढी हुशार माणसं, आणि पुस्तक उलटं का बांधतात?"

वृंदानं विचारलं. ओगावासाहेब खो खो हसले. वृंदा म्हणाली, "त्यांच्याकडे असंच असतं म्हणतात, बाबा."

"असेल. पण गोष्ट आपल्या बाजूनं जास्त चांगली आहे. सांग त्यांना."

वृंदानं ते अगदी शब्दाला शब्द सांगितलं. ओगावासाहेबांनी विचार केला आणि मान खाली घालून काकांना नमस्कार केला. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं, सुटलो. पण काका अजून स्टेशनच्या पानावरच होते.

"हे शेवटचं असेल तर ही दोघं रडतायत ती जिंकून ना?"

वृंदानं विचारलं तशी ओगावासाहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

"हरली, बाबा," वृंदा म्हणाली. "फायनल हरली ती."

"हरली? मग उचललंय कशाला? काय म्हणतोय तो?"

ओगावासाहेबांनी चष्मा सारखा केला आणि फुग्यातला मजकूर वाचून दाखवला. वृंदा वाटीकडे बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, दुभाष्याचा असतो तसा.

"तो म्हणतो, आज तू हरलीस. पण असं खेळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. चल, घरी जाऊ."

 काकांनी पुस्तक मिटलं. मिटताना ते कुठल्या बाजूनं ठेवावं ते त्यांना कळेना. दोनदा फिरवलं आणि शेवटी मांडीवरच राहू दिलं.

"खीर घ्या अजून," ते ओगावासाहेबांना मराठीतच म्हणाले.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत वृंदाला जपानमध्ये दुभाष्याचं काम मिळालं. निघायच्या दिवशी स्वारगेटहून मुंबईची बस होती, तिथून विमान. आमचा अख्खा जुना संघ स्वारगेटला गोळा झालेला. रिक्षातून काका, काकू आणि वृंदा उतरले, आणि त्यांच्यामागून एक बॅग उतरली. बॅग कसली, लहानसं कपाट होतं. काकूंनी लोणची, पापड, मेतकूट, सगळी पेठ भरून दिली होती. हमाल धावत आला. काकांनी त्याला हातानंच थांबवलं, खाली वाकले आणि ती बॅग पाठीवर घेतली.

"अहो, काय करताय? कंबर धरेल!" काकू ओरडल्या.

"बाबा, खाली ठेवा ती!" वृंदा धावली.

"तुला उचलायचं वय गेलं," काका धापा टाकत म्हणाले. "माझंही आणि तुझंही. ही तरी उचलू दे."

रिक्षापासून फलाटापर्यंत ते तसेच चालत गेले. वाकलेले, भुवयांवरून घाम टपकतोय, शिट्टी पुढे लोंबतेय. वृंदा शेजारून चालत होती, आणि मी पाहिलं, तिचा चेहरा त्या पुस्तकातल्या मुलीसारखाच झाला होता. फक्त ती हसतही होती.

बॅग बसवर चढली. मग खोका उघडला. आधीचे पेढे. संघाला, ड्रायव्हरला, कंडक्टरला, पुढच्या सीटवरच्या अनोळखी आजोबांना. "अभिनंदन," काका सगळ्यांना म्हणत होते. आजोबा म्हणाले, "अहो, मी ठाण्याला चाललोय डोळे दाखवायला." काका म्हणाले, "तुमचंही अभिनंदन."

बस सुरू झाली. वृंदा खिडकीत होती. काका खिडकीखाली गेले. तिनं हात बाहेर काढला, तो त्यांनी धरला नाही, नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "त्या फायनलला तुझा पाय लांब पडला नव्हता."

वृंदा खिडकीतून खाली वाकली.

"पाय बरोबर होता. वेळ संपली. असा सूर मी कुणाचा पाहिला नाही, ए पोरी. फार छान खेळलीस."

"बाबा," तिचा आवाज फुटला, "मॅच होऊन किती वर्षं झाली!"

"पान उशिरा सापडलं," काका म्हणाले.

बस हलली. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली, रडतेय, हसतेय, दोन्ही हात हलवतेय. काका बसबरोबर चार पावलं धावले आणि त्यांनी जोरात शिट्टी मारली. सगळं स्वारगेट वळून बघायला लागलं. "हात आत! वृंदाबाई, आपण हात आत घ्या!" ते ओरडले. वृंदानं हात आत घेतले.

बस वळून गेली. काका आमच्याकडे फिरले. "काय बघताय? रिक्षा मिळणार नाही. सगळ्या चालत. आणि मान वर!"

मग आम्ही सगळ्या, लग्न झालेल्या, न झालेल्या, त्यांच्यामागून सदाशिव पेठेकडे चालत निघालो. मोकळा खोका त्यांच्या काखेत होता. बॅगेच्या पट्ट्याचा मातकट ठसा पांढऱ्या शर्टावर, खांद्यापासून पाठीपर्यंत उमटला होता. काकूंनी पदरानं तो झटकायला हात पुढे केला. काका चालता चालता बाजूला झाले.

"असू दे गं," ते म्हणाले. "घरी जाईपर्यंत असू दे."